काही मुले, सगळी मुले

४ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून तिसरीचा वर्ग माझ्याकडे आला. आयुष्यभर महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवून निवृत्त झालेल्या बाईने आठ वर्षांच्या मुलांपुढे उभे राहावे, यात विसंगती आहे हे मला मान्य आहे. परंतु इथल्या मुख्याध्यापिका (सगळे त्यांना मोठ्या बाई म्हणतात, म्हणून मीही म्हणते) एके काळी माझ्या तासाला पहिल्या बाकावर बसत. विद्यार्थिनीने मदत मागितली असता नकार द्यायला सबळ कारण लागते. वय हे कारण मी तपासून पाहिले. गुडघ्यांपलीकडे ते कुठे लागू पडेना.

परिस्थिती अशी. आधीच्या बाई दर शुक्रवारी घरोघर पत्र पाठवत. मजकूर दर वेळी तोच: "सगळी मुले उत्तम प्रगती करत आहेत." सहामाही परीक्षेत ती प्रगती उघडी पडली. निम्म्या वर्गाला धड्यातले वाक्य लावता येत नव्हते. बाई रजेवर गेल्या त्या परतल्या नाहीत. तेव्हापासून पालकांचे डोळे पुलापलीकडच्या नव्या शाळेकडे लागले आहेत. मार्चच्या शेवटच्या शुक्रवारी पट दहाच्या खाली असेल तर तिसरीचा वर्ग बंद होईल, असे शिक्षण खात्याच्या कार्यालयाने लेखी कळवले आहे. आज पट सतरा आहे.

"मॅडम, शुक्रवारचं पत्र तेवढं नीट लिहा," मोठ्या बाई म्हणाल्या. "वर्ग राहतो की जातो ते आता त्या पत्रावर आहे."

"नीट म्हणजे कसे?"

"खरं."

हा निकष मला पूर्णपणे मान्य आहे.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

पहिले पत्र गेले. त्यातील मुख्य वाक्ये इथे उतरवून ठेवते.

"या आठवड्यात काही मुलांनी अनोळखी परिच्छेद कोणाच्याही मदतीशिवाय वाचला. काही मुलांना हातच्याची बेरीज बिनचूक येते."

मोठ्या बाईंनी पत्र वाचून विचारले, "मॅडम, काहीच?"

मी म्हटले, "मी आठवडाभरात प्रत्येकाला जवळ बसवून ऐकते आहे. सगळ्यांचे ऐकून झालेले नाही. जे ऐकले ते सगळे वाचतात. परंतु 'सगळी' म्हणण्याचा अधिकार शेवटचे मूल ऐकल्यावरच मिळतो. तोवर 'काही'. तुम्हाला आठवत असेल, 'काही' म्हणजे निदान एक. सगळी असण्याची शक्यता त्यात नाकारलेली नसते."

"मला आठवतंय," त्या म्हणाल्या. "त्या पेपरात मला काठावर गुण होते."

मुलांनी मला नाव ठेवले आहे, म्हणून-बाई. मी प्रत्येक उत्तरानंतर "म्हणून?" असे विचारते, म्हणून.

११ फेब्रुवारी, सोमवार

मी धाकट्या बहिणीकडे राहते. घराच्या पुढच्या खोलीत तिचे केस कापायचे दुकान आहे. वर्गातल्या बहुतेक आया तिच्या खुर्चीत बसतात, त्यामुळे माझ्या पत्राची वार्ता माझ्याआधी तिला लागते.

"ताई, काय लिहिलंस गं तू? काल दोघींचे केस कापून झाले तरी त्या उठेनात. पत्रच वाचत बसल्या होत्या, पुढून मागून."

"मागची बाजू कोरी आहे."

"तेच तर. मागं काही राहिलंय का ते बघत होत्या."

पत्र काळजीपूर्वक वाचले जाते. आधीच्या बाईंची पत्रे कोणी उघडतही नव्हते, असे ऐकते. सुरुवात चांगली आहे.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

शाळा सुटताना बेकरीवाल्याच्या बायकोने फाटकाशी अडवले. तिची जुळी मुले माझ्या वर्गात आहेत. हाताला अजून पीठ लागलेले होते. दुकान सोडून आली असावी.

"बाई, माझे दोघं त्या काहींत आहेत का नाहीत, तेवढं सांगा."

"एकाचे वाचन मी ऐकले आहे. दुसऱ्याचे उद्या ऐकणार आहे."

"म्हणजे दुसऱ्याला येत नाही."

"तसे मी म्हटलेले नाही."

"तुम्ही म्हटलं नाहीत ते कळतं आम्हाला, बाई. ऐकलं ते कोणाचं?"

"ज्याच्या हनुवटीवर व्रण आहे त्याचे."

"व्रण दोघांना आहे. एकाच जिन्यावरून पडलेत."

उद्या दोघांनाही एकत्र ऐकावे लागेल. त्याशिवाय आधीच्या निरीक्षणाला आधार उरत नाही.

जाताजाता ती म्हणाली, "पलीकडच्या शाळेत रोज फोटो पाठवतात. हसणाऱ्या पोरांचे." हसण्यावरून वाचनाचे अनुमान कसे निघते, हे मी तिला विचारले. ती निघून गेली.

१५ फेब्रुवारी, शुक्रवार

जुळ्यांना ऐकले. दोघांनाही येते. एक स्वल्पविरामापाशी श्वास घेतो, दुसरा घेत नाही. आता ओळखू येतील.

गैरसमज टाळण्यासाठी आजच्या पत्राखाली स्पष्टीकरण जोडले: "सूचना: 'काही मुलांना येते' या विधानातून 'उरलेल्या मुलांना येत नाही' असा निष्कर्ष निघत नाही. तसा निष्कर्ष कोणी काढू नये."

हे वाक्य आधीच लिहायला हवे होते. आता शंकेला जागा उरली नाही.

१८ फेब्रुवारी, सोमवार

जुळ्यांचे दाखले काढले गेले. आणखी एका मुलीचाही.

बहिणीने जेवताना सांगितले, "तुझी ती खालची सूचना. 'आम्ही तर असं मनातही आणलं नव्हतं,' म्हणाली एक, 'पण बाईंनी मुद्दाम लिहिलं म्हणजे नक्कीच काहीतरी आहे.' हात दाखवून अवलक्षण केलंस, ताई."

मोठ्या बाईंना भेटले. त्या दाखल्यांवर सह्या करत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी पेन खाली ठेवले.

"मॅडम, मनाला लावून घेऊ नका. तुमची काही पत्रं मला फार आवडली."

आतापर्यंत दोनच पत्रे गेली आहेत. त्यांतले कोणते आवडले नाही आणि का, हे त्यांनी सांगितले नाही. मीही विचारले नाही. दिवसभर मात्र तोच विचार मनात राहिला. दुसरे असावे. किंवा पहिले. स्पष्ट बोलण्याची सवय त्यांना माझ्या तासाला लागायला हवी होती.

२२ फेब्रुवारी, शुक्रवार

हातचा संपवून आज वजाबाकी घेतली. बावन्नातून सतरा. दोनातून सात जात नाहीत. "म्हणून?" वर्ग एका सुरात म्हणाला, "म्हणून शेजारच्या पाचाकडून एक दशक घ्यायचं."

ट्रकचालकाचा मुलगा आहे, वर्गात त्याला वकील म्हणतात. त्याने हात वर केला. "परत कधी द्यायचं?"

"परत द्यायचे नसते."

"मग 'घेतलं' का म्हणता बाई? 'लुटलं' म्हणा."

वर्ग हसला. मी फळ्याकडे तोंड केले, कारण मलाही हसू येत होते. मग मी विचारले, पाचाचे चार झाले आणि दोनाचे बारा, तर एकूण काही कमी झाले का? वकील बराच वेळ बोटे मोजत राहिला आणि म्हणाला, "नाही. घरातल्या घरातच राहिलं." याहून चांगले उत्तर मी महाविद्यालयात ऐकलेले नाही.

अजून एक मूल ऐकायचे राहिले आहे. अंगाने आणि आवाजाने लहान, म्हणून तिला सगळे चिमणी म्हणतात. हजेरीतले नाव घेतले तर ती स्वतःही वळून पाहत नाही. जवळ बसवले की तिचे बोट ओळीवरून योग्य गतीने सरकते, ओठ हलतात, आवाज येत नाही. बोट आणि ओठ यांवरून वाचनाचे अनुमान करता येईल, परंतु ते प्रमाण नव्हे. तिला आई-वडील नाहीत. आजोबा आहेत. पूर्वी एका गोदामावर पहारेकरी होते, आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे. शाळा सुटली की ते तिच्या खांद्यावर हात ठेवून चालतात. पाहणाऱ्याला वाटते आजोबा नातीला नेतात. वस्तुस्थिती उलट आहे.

जेवताना वकिलाची गोष्ट बहिणीला सांगितली. तिने घास खाली ठेवला. "हे लिही की पत्रात."

"एका मुलाबद्दल सगळ्या घरांना कळवणे अप्रस्तुत आहे."

"मग एका घराला कळव."

"मग उरलेल्या घरांना काय वाटेल?"

"ताई, उरलेल्या घरांनाही प्रत्येकी एकेक मूल आहे गं."

ती अशी बोलते आणि उठून भांडी घासायला जाते. पत्र हे वर्गाबद्दलचे विधान आहे. सुट्या निरीक्षणांना त्यात स्थान नाही. आजचे पत्र: "काही मुलांना दशक मोडून वजाबाकी समजू लागली आहे."

१ मार्च, शुक्रवार

पालकसभा. मीच बोलावली होती. पट बारावर आला आहे.

मी सुरुवातीला पंधरा मिनिटे 'काही' या पदाचा तर्कशास्त्रीय अर्थ समजावून सांगितला. फळ्यावर दोन वर्तुळे काढली. सगळे शांतपणे ऐकत होते, म्हणून मला आशा वाटली. मग वकिलाचे वडील उभे राहिले. ट्रक बाहेर उभा होता, किल्ली हातात होती.

"बाई, मला तुमच्याइतकं कळत नाही. मी गाडी चालवतो. मला कोणी सांगितलं की गाडीच्या काही चाकांत हवा आहे, तर मी गाडी काढीन का?"

"उरलेली चाके तपासल्याशिवाय काढू नये."

"मग आम्ही तेच करतोय ना."

लोक हसले. दृष्टांत सदोष आहे, हे मला तेव्हाच जाणवले होते, परंतु दोष नेमका कुठे आहे हे घरी येईपर्यंत सापडले नाही. आता सापडला आहे, पण ऐकायला कोणी नाही.

मागून एक मावशी म्हणाल्या, "एकदा 'सगळी' म्हणून टाका ना बाई. तुमचं काय जातंय?"

"ज्याचे मी ऐकलेले नाही त्याला येते असे मला म्हणता येणार नाही."

चिमणीचे आजोबा भिंतीला टेकून बसले होते. ते सावकाश म्हणाले, "आधीच्या बाई 'सगळी' म्हणायच्या. फसवलं त्यांनी. पण रात्री झोप लागायची."

"ती झोप सहामाहीला मोडली."

"मोडली की. पण लागली होती."

सभा संपल्यावर ते थांबले. नात त्यांच्या खांद्याखाली उभी होती. म्हणाले, "बाई, मी दाखला काढणार नाही. पूल ओलांडून मला पोचवता येत नाही. इथला वर्ग गेला तर हिला हिच्या मावशीकडे पाठवावं लागेल. मावशी लांब राहते. मग घरात मी एकटा आणि औषधाच्या बाटल्या." हे त्यांनी तक्रारीच्या स्वरात सांगितले नाही. वेळ सांगावी तसे सांगितले.

चिमणीने माझ्याकडे पाहिले. मी वर्तुळे पुसून टाकली.

६ मार्च, बुधवार

मार्ग एकच आहे. 'सगळी' हे विधान सिद्ध करायचे. प्रत्येक मुलाकडून परिच्छेद, बेरीज, वजाबाकी, तिन्ही ऐकायचे आणि पाहायचे. एकही मूल सोडायचे नाही. मग शुक्रवारी जे वाक्य लिहीन ते निखालस सत्य असेल, आणि पालकांना जे हवे आहे तेही नेमके तेच असेल. सत्य आणि मागणी इतक्या सरळपणे एकत्र आलेली मी क्वचित पाहिली आहे.

मोठ्या बाईंना सांगितले. त्यांनी डोळे मिटले. "मॅडम, लवकर करा."

आज आणखी एक दाखला.

१२ मार्च, मंगळवार

चिमणी सोडून सगळी झाली. केवढी मेहनत घेतली मुलांनी. एक मुलगी बाकाखाली बोटे मोजायची. आज तिने दोन्ही हात बाकावर उपडे ठेवले आणि मला दाखवून वजाबाकी केली. वकिलाने आपला परिच्छेद झाल्यावर शेजाऱ्याचाही वाचायचा आग्रह धरला. म्हणाला, "तो घाबरलाय बाई, मी त्याच्या वतीने हजर होतो." शेजाऱ्याने त्याला ढकलले आणि स्वतः वाचला, चिडून, मोठ्याने, एकही चूक न करता.

चिमणी काल आणि आज आली नाही. ताप आहे म्हणतात.

एका मुलाअभावी सिद्धता अडून राहिली आहे. झोपताना हाच विचार येतो. खरे तर हाच एक विचार येतो. बहीण म्हणते मी जेवताना ओठ हलवते, आवाज येत नाही.

१४ मार्च, गुरुवार

आजोबांच्या घरी गेले. एकच खोली. दार अर्धवट उघडे होते. आत चिमणी पांघरूण घेऊन बसली होती आणि आजोबा समोर, दोन बाटल्या मांडीवर घेऊन. मी दार वाजवणार होते, तेवढ्यात ती बोलली.

"ही नाही आजोबा, ही तुमची. ह्यावर लिहिलंय, 'डोळ्यांत घालण्यासाठी, तोंडावाटे घेऊ नये.' माझी ती दुसरी. 'सहा वर्षांवरील मुलांसाठी, जेवणानंतर दोन चमचे, वापरण्यापूर्वी बाटली चांगली हलवावी.'"

"हलवली."

"चांगली नाही हलवली. 'चांगली' लिहिलंय."

आवाज स्पष्ट होता. जोडाक्षरे स्वच्छ. मी दाराबाहेर उभी राहून सगळे ऐकले. अनोळखी मजकूर, कोणाच्याही मदतीशिवाय. मग दार वाजवले. तिने मला पाहिले आणि ओठ मिटले. मी काही विचारले नाही, त्याची आता गरज नव्हती.

आजोबांनी स्टूल पुढे केले. "रोज वाचून देते मला," ते म्हणाले. "बाटल्या, वर्तमानपत्र, विजेचं बिल. तुमच्यापुढं वाचत नाही का?"

"माझ्यापुढे ओठ हलतात."

"तुम्हाला स्वतःला दिसतं ना सगळं. मग तुमच्यासाठी कशाला वाचेल?"

मी पिशवीतून कागद काढून त्यावर दोन गणिते लिहिली. त्याच कागदावर तिने बेरीज आणि वजाबाकीही करून दाखवली, अंथरुणात बसून. दोन्ही बरोबर.

परत येताना मी वेगाने चालत होते, हे गुडघ्यांनी नंतर सांगितले.

१५ मार्च, शुक्रवार

पत्र गेले. एकच वाक्य, त्याखाली सही.

"सगळ्या मुलांना वाचन, बेरीज आणि वजाबाकी येते."

इतके निर्दोष विधान मी आयुष्यात फार थोड्या वेळा केले आहे. मोठ्या बाईंनी वाचले आणि माझा हात धरला. पट अकरा आहे. दोन आठवडे तग धरायचा आहे.

१८ मार्च, सोमवार

आज सकाळी तीन दाखले मागितले गेले.

आधी मला वाटले, पत्र पोचले नसावे. पोचले होते. दुपारी बहीण दुकानातून आत आली, हातात कात्री तशीच.

"ताई, तू शुक्रवारी काय लिहिलंस?"

मी सांगितले.

ती खाली बसली. "अगं, आल्या होत्या सगळ्या. 'ह्याही बाई आता सगळी म्हणायला लागल्या,' म्हणाल्या. 'आधीच्या बाईंसारखंच. कार्यालयाने दटावलं असणार, वर्ग वाचवायला लिहितायत. इतके दिवस बिचाऱ्या खरं तरी बोलत होत्या.' दुधाने तोंड पोळलंय त्यांचं, आता ताकही फुंकून पिणार."

मी म्हटले, "परंतु ते खरे आहे."

"माहीत आहे मला."

"मी प्रत्येकाला ऐकले आहे."

"ताई, मला माहीत आहे. मला कशाला सांगतेस?"

पट आठ.

२० मार्च, बुधवार

पुरावा घेऊन घरोघर जायचे ठरवले. बेकरीपासून सुरुवात केली. जुळ्यांना परत आणता आले तर पट दहा होतो, आणि दहा म्हणजे दहाच्या खाली नव्हे.

बेकरीवाल्याच्या बायकोने गिऱ्हाइकांना बाजूला केले आणि मला आत घेतले. तिने ऐकून घेतले. सगळे, शेवटपर्यंत.

"बाई, तुम्ही खोटं बोलत नाही, मला ठाऊक आहे. पहिल्यापासून ठाऊक होतं."

"मग दाखला का काढलात?"

"त्याच्यामुळंच. खोटं बोलणारी बाई 'काही' म्हणाली असती तर मी हसून सोडून दिलं असतं."

थोडा वेळ ती काउंटर पुसत राहिली.

"आता पोरं पलीकडे रमली. एकाला तिथं वाचायला उभं केलं होतं. फोटो आला. हसतोय, पण पुस्तक उलटं आहे."

"कोणता? स्वल्पविरामापाशी श्वास घेतो तो?"

तिने हातातले फडके ठेवले. "हे काय? श्वास कोण घेतो?"

मी सांगितले, एक थांबतो, दुसरा सरळ जातो. पहिला कदाचित अर्थ लावत वाचतो, दुसरा आवाजाच्या ओढीने. दोघांचीही गोडी वेगळी आहे. तिचे डोळे भरले. का ते मला समजले नाही. माहिती समाधानकारकच होती.

"हे तुम्हाला तेव्हापासून माहीत होतं?"

"पंधरा फेब्रुवारीपासून."

"आता फी भरली, गणवेश शिवला, नवरा ऐकायचा नाही." ती आत गेली. बराच वेळ आली नाही, म्हणून मी निघाले.

पुढच्या घरांमध्ये कोणी दार उघडले नाही.

२२ मार्च, शुक्रवार

आज पत्र लिहिले नाही. कागदासमोर बसले होते. 'काही' लिहिले तर ज्यांना येत नाही अशी मुले आहेत असे समजतात. 'सगळी' लिहिले तर कोणालाच येत नाही असे समजतात. तिसरे पद माझ्या शास्त्रात नाही. 'एकही नाही' आहे, पण ते असत्य आहे.

वर्गात आज आठ जण. मी फळ्यावर गणित लिहिले, "म्हणून?" विचारले, आणि त्यांनी उत्तर दिले. चिमणी परत आली आहे. तिने आजही माझ्यापुढे वाचले नाही. मी तिला सांगितले, माझा चष्मा घरी राहिला, हा परिच्छेद मला दिसत नाही. चष्मा नाकावर होता. तिने चष्म्याकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि वाचायला सुरुवात केली. शेवटच्या ओळीपर्यंत.

मी जाणूनबुजून असत्य बोलले. त्याबद्दल मला जे वाटायला हवे ते वाटत नाही.

२५ मार्च, सोमवार

कार्यालयाचा माणूस शुक्रवारची वाट न पाहता आला. पट आठ, वर दोन घरांनी पुढच्या आठवड्यासाठी दाखले मागून ठेवलेले. "बाई, आकडा बोलतो," तो म्हणाला. मी त्याला सांगितले की आकडा बोलत नाही, माणसे आकड्याच्या आडून बोलतात. तो हसून म्हणाला, तुम्ही प्राध्यापक होता ना? आदेश शुक्रवारपासून लागू.

मोठ्या बाई खूप भांडल्या. मी त्यांना इतक्या मोठ्या आवाजात बोलताना कधी ऐकले नव्हते. माझ्या तासाला त्या गप्प असत.

२८ मार्च, गुरुवार

मुलांचा शेवटचा दिवस. कोणी रडले नाही. आठ वर्षांचे असताना दुसरी शाळा हीही एक सहलच असते. वकिलाने दप्तर पाठीला लावले आणि दारातून परत आला.

"बाई, पलीकडच्या शाळेत 'म्हणून' विचारतात का?"

"मला ठाऊक नाही."

"नसतील विचारत तर मी विचारीन."

आजोबा आले ते बसच्या वेळेला धरून आले. चिमणीची मावशी बरोबर होती, हातात पिशवी. आजोबांनी नेहमीप्रमाणे नातीच्या खांद्यावर हात ठेवला आणि मग तो काढला, कारण आता तिला बसकडे जायचे होते आणि त्यांना घराकडे. ते थोडा वेळ हात तसाच हवेत धरून उभे होते. मी त्यांचा हात धरून त्यांना घरी पोचवले. दाराशी ते म्हणाले, "बाई, त्या बाटलीवर काय आहे, वाचून द्याल?"

मी वाचून दिले. डोळ्यांत घालण्यासाठी, तोंडावाटे घेऊ नये. दुसऱ्या बाटलीची आता गरज नव्हती. तीही वाचली.

२९ मार्च, शुक्रवार

वर्ग रिकामा करायचा होता. तक्ते उतरवले. शिपायाने बाके भिंतीला लावली. मोठ्या बाई म्हणाल्या, "मॅडम, आज पत्राची गरज नाही. पण तुम्हाला लिहायचं असेल तर लिहा. कोणाला जाणार नाही."

मी बसले. रिकाम्या वर्गाचा नियम मला नव्याने आठवला असे नाही, तो मी वर्षानुवर्षे शिकवला आहे. आमच्या शास्त्रात ज्याला वर्ग म्हणतात त्यात एकही घटक नसेल, तर त्याच्याविषयी केलेले प्रत्येक सार्वत्रिक विधान सत्य असते, कारण ते खोटे पाडायला कोणी उरलेले नसते. विद्यार्थ्यांना हे कधी पटत नसे. मी त्यांना म्हणत असे, पटण्याचा प्रश्न नाही.

मी लिहिले: तिसरीच्या वर्गातील सगळ्या मुलांना वाचता येते.

सत्य.

त्याखाली लिहिले: तिसरीच्या वर्गातील एकाही मुलाला वाचता येत नाही.

हेही सत्य.

दोन्ही विधाने पुन्हा पुन्हा तपासली. दोन्ही निर्दोष आहेत, दोन्ही एकाच वेळी खरी आहेत, आणि दोन्हींपैकी एकातही चिमणी नाही. बेकरीवाल्याचा तो श्वास घेणारा मुलगा नाही, चिडून वाचणारा नाही, उपडे हात नाहीत.

शिपाई कुलूप घेऊन दारात उभा होता. "बाई, झालं का?"

"थांबा जरा," मी म्हटले.

मी तिसरी ओळ लिहिली: चिमणी वाचते.

हे विधान या वर्गाबद्दलचे नाही. नियमाप्रमाणे ते पत्रात बसत नाही. मी ते खोडले नाही.